प्रतिकार करणारा इसम

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो, आणि घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेत नावापुढं छापूनही घेतो. माझ्या आधीच्यांनी नांगर धरला, मोटा हाकल्या, निजामाच्या गिरदावरापुढं हात जोडून उभे राहिले, पण कॉलेजच्या पायऱ्या कुणी चढलं नव्हतं. तर असा मी, इतिहास विषय घेऊन पास झालेला, देवगाव रंगारीहून पेटी उचलून शहरात आलो आणि मला पहिली नोकरी लागली ती माणसं पाडायची. गावात वडलांनी सांगितलं, पोरगा वाळूजला कंपनीत ऑफिसर झाला. टोपी होती, शिट्टी होती, कमरेला पट्टा होता, तेव्हा वडलांचं फार चुकलं असंही म्हणता येत नाही.

राहायला मी मामाकडं होतो. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, रंगनाथ. त्याच कंपनीच्या गेटवर तो आधीपासून गार्ड होता आणि मला चिकटवलं ते त्यानंच. पदमपुऱ्यात घरमालकीण खालाबीच्या माडीखाली दोन खोल्या होत्या. वर खालाबी आणि तिच्या कोंबड्या, खाली मामा, मामी, त्यांची धाकटी लेक शकू आणि मी. सकाळी जाग यायची ती मामीच्या भाकरी थापण्यानं. पहाटेची बस गाठायची म्हणून ती अशा जोरानं थापायची की वरच्या कोंबड्यांना वाटायचं, कुणीतरी आपल्याला बोलावतंय. स्टोव्हचा भर्र आवाज, त्यावर येसराची आमटी, आणि दांडीवर खळ घातलेला मामाचा खाकी सदरा. तो इतका कडक असायचा की मामाच्या आधी सदराच ड्युटीवर निघालाय असं वाटायचं. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि दही असलं तर धपाटं. मी पुढं बऱ्याच हॉटेलांत जेवलो, पोराच्या लग्नात पनीरचे पाच-सहा प्रकार केले, पण त्या डब्याचं झाकण उघडल्यावर गेटवरची सगळी केबिन ज्या वासानं भरायची तो वास काही कुणी वाढला नाही.

मामाचं खरं वय कुणालाच माहीत नव्हतं. शाळेच्या मास्तरानं अंदाजानं जन्मतारीख टाकलेली, आणि मास्तर दिलदार असल्यामुळं कागदावर मामा बराच तरुण होता. मामी हिशोब वेगळा करायची. "निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली ह्यांना मिसरूड फुटलं होतं," म्हणायची, "आता तूच लाव हिशोब, तू शिकलेला हायस." हिशोब लावला तर मामा गेटवर उभा राहायला नको होता. त्याचा उजवा गुडघा तर केव्हाच रिटायर झाला होता. पण शकूचं लग्न व्हायचं होतं, आणि पाहुणे पहिला प्रश्न विचारायचे तो हाच, "बापाची नोकरी चालू हाय ना?" मामा दारातूनच ओरडायचा, "चालू हाय, चालू हाय!" त्या दोन शब्दांवर आमचं ते घर उभं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण आजकालच्या पोरांना ही माहीत नसते. आमच्याकडं भाच्यानं मामाच्या पाया पडायचं नसतं, मामानं भाच्याच्या पडायचं असतं. भाचा कितीही शेंबडा असो. दिवाळीला, परीक्षेला निघताना, पहिल्या पगाराच्या दिवशी मामा वाकायचा, आणि मी "अहो मामा, हे काय" म्हणत पाय मागं घ्यायचो. वाकणाऱ्यानं वाकायचं, ज्याच्यापुढं वाकलं त्यानं ओशाळून मागं सरायचं, हा व्यवहार इतका मुरलेला होता की तो करताना दोघांचंही गप्पा मारणं थांबत नसे.

कंपनीचं नाव सांगत नाही, ती आता राहिलेलीही नाही. स्कूटरचे काही सुटे भाग तिथं व्हायचे. गार्ड सगळे ठेक्यावर. त्या वर्षी कामगारांत युनियनची कुजबुज सुरू झाली, आणि आमचे पर्सोनेल मॅनेजर धारूरकर साहेब मुंबईला जाऊन कसलंसं शिबिर करून आले. माणूस सज्जन होता, पण शिबिराहून आलेला होता. त्यांनी सगळ्या गार्डांना गेटच्या मागच्या मैदानावर उभं केलं आणि सांगितलं, "गार्ड म्हणजे नुसता सलाम ठोकणारा माणूस नव्हे. उद्या कोणी प्रतिकार करणारा इसम आत घुसला तर त्याला कमीत कमी बळ वापरून जमिनीवर आणता आलं पाहिजे. प्रशिक्षण होईल. शेवटी परीक्षा होईल. ज्याला इसम पाडता येणार नाही, त्याचा ठेका संपला असं समजा." मामानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या गुडघ्याकडं बघितलं.

प्रशिक्षण द्यायला आले पठाडे उस्ताद. फौजेतून निवृत्त झालेले, मिशा अशा की त्यांना वेगळा पगार मिळत असावा. फौजेत ते नेमकं काय करत होते हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. एक जण म्हणायचा लंगरमध्ये होते, दुसरा म्हणायचा बँडमध्ये. पण आवाज होता, आणि हुकूम हिंदीतच द्यायचे, म्हणजे शंका घ्यायची सोय राहत नसे. "जवान! पकड! मरोड! गिराव!" पकड म्हणजे इसमाचं मनगट धरायचं. मरोड म्हणजे हात पिळून त्याचा तोल एका बाजूला न्यायचा. आणि गिराव म्हणजे त्याच्या पायात आपला पाय घालून, झटका देऊन त्याला पालथा पाडायचा, मग खांद्यावर गुडघा ठेवून हात पाठीमागं घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. माझा नातू आता कसल्याशा क्लासला जातो, पांढरा झगा घालून हेच करतो, आणि त्यासाठी आम्ही वर फी भरतो.

आम्हाला पकड जमली. मरोड तर उत्तम जमली, सगळे शेतावरचेच होतो, बैलाची वेसण धरलेली. अडलं ते गिरावपाशी. पहिल्याच दिवशी फुलंब्रीकडच्या एका गार्डानं समोरच्या इसमाच्या पायात पाय घातला, इसम धप्पकन पडला, आणि आता खांद्यावर गुडघा ठेवायचा तर हा गडी लगबगीनं वाकला, पडलेल्याच्या अंगाला हात लावला आणि तो हात आपल्या कपाळाला नेला.

"ये क्या कर रहा है?" उस्ताद ओरडले.

"पाय लागला ना, उस्ताद."

"अरे, लगानाच है! लगाने के लिएच सिखाया!"

"व्हय, पण लागला ना."

उस्तादांना वाटलं, हा एकटाच येडा आहे. दुसरा बोलावला. त्यानंही पाडलं आणि नमस्कार केला. तिसरा, चौथा, सगळ्यांचं तेच. हे डोक्यातनं होतच नव्हतं, अंगातनं व्हायचं. लहानपणापासून माणसाला पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा, त्याशिवाय आजी भाकरी देत नसे, ते काय उस्तादांच्या शिट्टीनं जाणार? आणि आम्ही नमस्कार करतोय तेवढ्यात इसम उठून कपडे झाडून निघून जायचा.

उस्तादांनी उपाय केले. बूट घालायला लावले, की बुटाचा धक्का म्हणजे पायाचा नव्हे. उपयोग झाला नाही, बुटात पायच होता. मग त्यांनी स्टोअरमधून एक पोतं मागवलं, त्यात चिंध्या भरल्या, दोरीनं गळा आवळून डोकं केलं आणि म्हणाले, "ये आदमी नहीं है. अब मारो लात." पहिल्या गार्डानं लाथ घातली, पोतं लोळलं, आणि गडी वाकला.

"अब क्या?" उस्ताद रडकुंडीला आले होते.

"पोतं ज्वारीचं हाय, उस्ताद. अन्नाच्या पोत्याला पाय लागला."

शेवटी उस्तादांनी नाद सोडला आणि या देशात सगळीकडं जे होतं तेच आमच्याकडं झालं. प्रशिक्षण सुरू राहिलं, शिकणं बंद झालं. "गिराव" म्हटलं की इसम स्वतःच पडायचा. पाय लावायची गरजच नाही, नुसता हलवल्यासारखा करायचा. सकाळी हजेरीला उस्ताद विचारायचे, "आज इसम कौन?" आणि चांगलं पडणाऱ्यांना मागणी असायची. एक जण तर असा देखणा पडायचा की लंच सुटल्यावर कामगार त्याला बघायला कुंपणापाशी उभे राहायचे. पाडणाऱ्याकडं कुणी बघत नसे.

जोड्या लावल्या उंचीवर, आणि मामा-भाचे आम्ही दोघं सारखेच बुटके. उस्तादांनी आम्हाला समोरासमोर उभं केलं तेव्हा मामाचा चेहरा उतरला. मी मामाला पाडायचं, हे त्याला चाललं असतं. पण मामानं मला पाडायचं? ज्या पायांना हात लावायचा त्या पायांत पाय घालायचा? घरी जेवताना त्यानं मामीला हे सांगितलं. मामीचा भाकरीवरचा हात थांबला.

"असली कसली नोकरी म्हणावी? भाच्याला लाथ घालायची?"

"लाथ नाय गं. झटका."

"झटका कशानं द्यायचा?"

"पायानं."

"मंग तीच लाथ."

मी मामीला समजावलं की हे शास्त्र आहे, यात बळ कमीत कमी लागतं. मामी म्हणाली, "बळ कमी लागंल, पाप किती लागंल ते बी सांगतंय का तुझं शास्त्र?" बी.ए.ला आम्हाला मराठ्यांच्या लढाया होत्या, हा भाग नव्हता. तरी सुट्टीच्या दिवशी आम्ही घरात सराव करून बघितला. मामी पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसली, म्हणजे तिला ते बघायला नको. मी मामाला पाडायचो, मामा धाडकन पडायचा आणि वरून खालाबीचा आवाज यायचा, "क्या गिरा रे?" शकू आतूनच सांगायची, "अब्बी बाप गिरा, खाला!" मग मामाची पाळी. तो माझं मनगट धरायचा, हात पिळायचा, आणि पायाची वेळ आली की हात सोडून खाली बसायचा. "उद्या बघू," म्हणायचा. खालाबी वरून विचारायची, "अब क्यों नहीं गिरा?"

परीक्षेच्या दिवशी मैदानावर छोटा मांडव घातला. धारूरकर साहेब बसले, शेजारी मान ताठ करून उस्ताद. सगळ्यांनी आपापल्या इसमाशी आधीच बोलून ठेवलं होतं. पण सुरुवात करण्याआधी साहेब उठले आणि म्हणाले, "एक लक्षात ठेवा. इसमानं खराखुरा विरोध करायचा. आपण होऊन पडलेला मला दिसला तर दोघंही नापास." सगळे आपापल्या इसमाकडं बघायला लागले. तो देखणा पडणारा गडी तर तोंडात मारल्यासारखा उभा होता; त्याचा धंदाच बसला.

आमची जोडी आली. आधी मी. मामानं विरोध केला, म्हणजे "सोड रे, सोड" असं मोठ्यानं म्हणाला आणि शक्य तेवढा जड झाला. मी मनगट धरलं, पिळलं, दुखरा गुडघा वाचवून डाव्या पायात पाय घातला, आणि मामा पालथा आला. मी अर्थात वाकलोच. पण वाकताना गुडघा खांद्यावर नेऊन ठेवला आणि हात कपाळाला नेला तो घाम पुसल्यासारखा. पास. एवढं शहाणपण कॉलेजात शिकवतात.

मग मामा. "पकड!" धरलं. "मरोड!" पिळलं. "गिराव!"

मामा तसाच उभा. मांडवातून सगळे बघायलेत. त्याच्या कपाळावरून घामाचा ओघळ मिशीत उतरला.

"मामा, टाका पाय," मी दातांतून म्हणालो.

"कसा टाकू? कुठं फेडू हे?"

"नाय टाकला तर घरी बसावं लागंल. शकूचं काय?"

"व्हय रे, व्हय. जरा थांब. आधी पाया पडून घेतो, मंग टाकतो."

आणि मला काही कळायच्या आत मामा वाकला. वाकल्यावर त्याच्या गुडघ्यानं दगा दिला, म्हणून आधाराला त्यानं माझे दोन्ही घोटे गच्च धरले. आणि मी? मी जन्मभर जे केलं तेच केलं. "अहो मामा, हे काय" म्हणत पाय मागं घ्यायला गेलो. पाय मामाच्या हातात, बाकीचा मी मागं. पाठीवर असा आपटलो की टोपी मांडवापर्यंत गेली. मामाही तोल जाऊन माझ्या पायांवर पडला आणि तसाच धरून राहिला, कारण त्याला उठता येत नव्हतं.

धारूरकर साहेब खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले. "एक्सलंट! पठाडे, हे काय होतं?" पठाडे उस्तादांच्या मिशा हलल्या, पण आवाज आला नाही. तेव्हा मी, आकाशाकडं तोंड करून पडलेला, खालूनच म्हणालो, "लोअर बॉडी कंट्रोल, सर." माझ्या पदवीचा कंपनीला झालेला तो पहिला फायदा. साहेब म्हणाले, "गुड." मामा पास.

पुढचा महिना आम्ही सगळे लोअर बॉडी कंट्रोल शिकत होतो. आपण ते फौजेतच शिकलो होतो असं उस्तादांना दोन-तीन दिवसांत आठवलं. पद्धत अशी: नम्रपणे समोर जायचं, हात जोडायचे, वाकायचं, घोटे धरायचे, आणि तसंच थांबायचं. बाकीचं काम इसम स्वतः करतो. यात पाय लावायचा प्रश्न नाही, पाप नाही, नमस्कार आधीच होऊन जातो. आम्ही ते कारकुनांवर करून बघितलं, ट्रकवाल्यांवर करून बघितलं, कॅन्टीनच्या ठेकेदारावर तर जरा जास्तच वेळा केलं. प्रत्येक जण "अरे, अरे" म्हणत मागं सरायचा आणि पडायचा. मामा या विद्येचा जनक ठरला. तरणी पोरं त्याला विचारायची, "मामा, घोटा कुठून धरू?" आणि मामा हातानं दाखवायचा, जणू पिढ्यान्‌पिढ्या घरात हेच चालत आलेलं. पुढ्यात कुणी वाकलं आणि मागं सरला नाही असा माणूस या मुलखात नाही, असं आमचं ठाम मत झालं होतं. आमचा समज चुकीचा होता, पण तोवर आम्ही पुढारी जवळून बघितला नव्हता.

युनियन झाली. तिचे नेते भाऊसाहेब शहरातले होते, पांढरे कपडे, पांढऱ्या चपला, गळ्यात सकाळचाच हार. त्यांची गेटसभा ठरली. धारूरकर साहेबांनी हुकूम दिला, रस्त्यावर काय बोलायचं ते बोलू दे, पण गेटवरचा पांढरा पट्टा ओलांडून आत आला तर लोअर बॉडी कंट्रोल, आणि पोलीस येईस्तोवर केबिनमध्ये बसवा. गेटबाहेर सगळी शिफ्ट जमलेली. निम्मे कामगार आमच्याच गावांकडचे, कुणी कुणाचा साडू, कुणी कुणाचा चुलता. भाऊसाहेब बोलले, घोषणा झाल्या, आणि मग ते संथपणे चालत पट्टा ओलांडून आत आले.

मामा पुढं झाला. पद्धतच त्याची, मान त्याचाच. त्यानं हात जोडले, वाकला, घोटे धरले आणि थांबला.

भाऊसाहेब मागं सरले नाहीत.

इंचभरसुद्धा नाही. त्यांनी मामाला सोयीचं व्हावं म्हणून दुसरा पाय थोडा पुढं घेतला, मामाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी राहा." मामा घोटे धरून तसाच. मागचे गार्ड बघायलेत की पहिला पकडीत अडकलाय, तर मदतीला पुढं आले आणि शिकवल्याप्रमाणं वाकले. पण पाय दोनच, आणि तेही मामाच्या हातात. मग त्यांची आपोआप रांग झाली. त्यात मीही होतो. उस्ताद लांबून शिट्टी मारायलेत, "गिराव! गिराव!" आणि भाऊसाहेब एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून पुढच्याकडं वळायलेत. मामाला उठवून त्यांनी आपल्या गळ्यातला हार त्याच्या गळ्यात घातला. कामगारांनी घोषणा दिली, "गार्ड-कामगार एकजूट!" आणि तेवढ्यात कॅमेरा चमकला.

दुसऱ्या दिवशी खालाबी पेपर घेऊन माडीवरून खाली आली. "तेरे मामू तो छप गए! क्या झुके हैं, माशाल्ला!" फोटोत मामा वाकलेला, मागं आमची रांग, खाली ओळ: गार्डही भाऊसाहेबांच्या पाठीशी. मामीनं फोटो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "सदऱ्याची खळ चांगली दिसायलीय." मग आता नोकरी जाणार हे एकदम तिच्या ध्यानात आलं आणि ती पदर तोंडाला लावून खाली बसली. त्याच दिवशी संध्याकाळी शकूला बघायला पाहुणे यायचे होते.

कंपनीत बोलावणं आलं. मामाला जिना चढवत नव्हता म्हणून त्याला धरून मी बरोबर गेलो. आत टेबलाच्या एका बाजूला धारूरकर साहेब, दुसऱ्या बाजूला भाऊसाहेब, मध्ये चहा आणि क्रीमची बिस्किटं. बोलणी चालू होती आणि बरीच मिटलेली दिसत होती. अडलं होतं ते गार्डांवर. भाऊसाहेब म्हणत होते, गार्ड आमच्यात आलेत, त्यांनाही कायम करा. साहेब म्हणत होते, ते तुमच्यात आलेलेच नाहीत, ते तुम्हाला पाडत होते. भाऊसाहेबांना यावर हसू आवरत नव्हतं. त्यांना पाडायला कुणी असं वाकेल हे पटणंच शक्य नव्हतं. त्यांच्यापुढं लोक रोजच वाकत होते.

"रंगनाथ," साहेब म्हणाले, "घाबरू नका. तुम्ही ट्रेनिंगप्रमाणं यांना पाडायला वाकला होता. हो ना?"

"काका," भाऊसाहेब म्हणाले, "दबावाखाली बोलू नका. मनात काय होतं ते सांगा. पाया पडायलाच वाकला होता ना?"

मी मामाचा दंड धरून उभा होतो. पाडायला म्हणावं तर भाऊसाहेब हात काढून घेणार, आणि बाहेर सगळी शिफ्ट उभी. पाया पडायला म्हणावं तर साहेब आजच्या आज पट्टा-टोपी ठेवून घेणार. मामानं माझ्याकडं बघितलं.

"साहेब," मामा म्हणाला, "वाकलो तो पाडायलाच. तुमचा पगार खायलो, खोटं कामून बोलू?"

भाऊसाहेबांचा कप ओठांपाशी थांबला.

"घोटे धरले ते बी पाडायलाच. पण त्याला समोरचा माणूस मागं सरावा लागतो. हे सरलेच नाहीत. उलट पाय पुढं दिला अन् डोक्यावर हात ठेवला. आता मला सांगा साहेब, ज्यानं डोक्यावर हात ठेवला त्याला खाली कसं वडू? मला नाय जमलं. उद्या बी नाय जमायचं. काढायचं तर काढा."

भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला आणि मोठ्यानं हसले. "साहेब, मला पाडायला आला होता आणि तोंडावर सांगतोय! आमच्यात असा एक माणूस नाही हो." धारूरकर साहेब हसले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. आपण शिकवलेलं गार्डांनी केलं होतं, हे कुणीतरी शेवटी म्हटलं होतं. दोघांचंही म्हणणं खरं निघालं आणि दोघांनाही मागं यायला जागा मिळाली. गार्ड कायम झाले. बदल्यात भाऊसाहेबांनी कामगारांची कुठलीशी एक मागणी सोडली, ती कुठली हे कामगारांना बऱ्याच दिवसांनी कळलं. पठाडे उस्ताद दुसऱ्या कंपनीत लोअर बॉडी कंट्रोल शिकवायला गेले.

निघताना साहेबांनी मामाला थांबवलं. "रंगनाथ, तुम्ही कायम, पण एका अटीवर. यापुढं कुणीही पुढारी गेटवर आला तर तुम्ही समोर यायचं नाही. केबिनमध्ये जायचं."

"जातो की. पण साहेब, तिथं गुडघ्यावर उभं ऱ्हावत नाय. बसायला कायतरी द्या."

संध्याकाळी पाहुणे आले तेव्हा त्यांनी विचारायच्या आत मामानं दारातच सांगितलं, "कायम झालो." शकूचं तिथंच ठरलं. केबिनमध्ये एक लाकडी स्टूल आलं. त्यानंतर शहरात महापालिकेच्या निवडणुका आल्या, पक्ष फुटले, जुळले, परत फुटले, आणि आमच्या गेटवर कुणी ना कुणी पांढऱ्या कपड्यातला येतच राहिला. प्रत्येक वेळी मामा शिस्तीत आत जाऊन बसायचा. निवडणुकीच्या दिवसांत तर तो उभा राहिलेला मी पाहिलाच नाही.